दुखणे तासांचे, दवाखाना वर्षांचा

सालेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे तालुक्याचे गाव. एका अंगाला मध्य प्रदेशचा बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड, आणि मधून गेलेला मुंबई-हावडा लोहमार्ग. दरेकशाकडे निघाले की डोंगर सुरू होतात. हाजरा फॉलचे पर्यटक तिथेच जातात आणि माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेशी गोंड समाज लांबलांबून येऊन जमतो तोही तिथेच. या भागात रात्री अकरा वाजता एखाद्या दहा वर्षांच्या मुलाच्या मांड्या, पाठ आणि छाती एकदम ठणकू लागली, तर त्याला न्यायचे कुठे? तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सुमारे चाळीस किलोमीटरवर गोंदियाला. या आजारात मुरलेले डॉक्टर बहुधा नागपूरला, म्हणजे गोंदियापासून आणखी सव्वाशे किलोमीटर पुढे. आणि या आजारासाठीच म्हणून उभारलेले केंद्र चंद्रपूरला, गोंदिया-बल्लारशा मार्गाने जवळपास अडीचशे किलोमीटर. मुलाच्या रक्तातली गाठ मात्र येत्या काही तासांतच सुटणार किंवा बिघडणार असते.

आजाराचे नाव सिकलसेल. पूर्व विदर्भात ते इंग्रजी वाटतही नाही, इतके घरातले झाले आहे. आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतले मास्तर, सगळे तोच शब्द वापरतात. तरीही आत नेमके काय घडते, हे रुग्णाच्या घरीसुद्धा क्वचितच कुणी नीट सांगितलेले असते.

रक्तातला प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन चार साखळ्यांचे असते. त्यातल्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवे, तिथे व्हॅलिन येऊन बसते. फरक एवढाच. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हे बदललेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब तंतू बनतात, आणि गोल, लवचिक तांबडी पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग आक्रोश करतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी, डोळे पिवळे, आणि मूल वयाच्या मानाने लहानखुरे.

जन्मल्यावर सहा महिने बहुधा काहीच कळत नाही, कारण बाळाच्या अंगात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन शिल्लक असते आणि ते पेशींना वाकू देत नाही. ते ओसरले की एक दिवस बाळाचे हातपाय सुजतात, स्पर्श केला तरी ते किंचाळते. घरच्यांना वाटते कुठे मुरगळले, कुणाची नजर लागली. याच वयात दुसरा, जास्त मोठा धोका असतो. पोटात डाव्या बाजूला असलेल्या प्लीहेत रक्त अचानक साठू लागते. काही तासांत पोट फुगते, मूल पांढरेफटक पडते. वेळेवर रक्त चढवले नाही तर ते दगावते. आणि हीच प्लीहा पुढे निकामी झाली की न्यूमोकॉकससारखे जंतू मोकाट सुटतात. इतर मुलांत दोन दिवस पाहू म्हणण्याजोगा ताप या मुलांत त्याच दिवशी इंजेक्शन मागतो. मोठेपणी छातीत रक्त अडकून श्वास कोंडणे, मेंदूचा झटका, खुब्याच्या हाडाचे डोके मरून पंचविशीत लंगडणे, अशी यादी लांबत जाते.

हे सगळे होते ते दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेल्या मुलाला. एकाच पालकाकडून आलेले असेल तर ते मूल ‘वाहक’. वाहकाला आजार नाही, उलट लहानपणीच्या जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. ॲलिसन या संशोधकांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवून दिले. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यानपिढ्या का टिकले, याचे उत्तर त्यात आहे. भारतातल्या काही समाजांत वाहकांचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. आदिवासींचा आजार अशी त्याची ओळख करून दिली जाते, ती विदर्भापुरती तरी अपुरी आहे. इथे अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही तो भरपूर आहे.

आता उशिराची गोष्ट. तिचा हिशेब इमारतीपासून नव्हे, ज्ञानापासून मांडावा लागतो. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी वाकड्या पेशींचा पहिला रुग्ण १९१० मध्ये नोंदवला. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले की हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आजार आहे. रेणूपर्यंत माग लागलेला तो पहिला आजार. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला. आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आणला. म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्माला यायच्या दोन वर्षे आधी विदर्भातल्या या आजाराची बातमी लंडनला पोचली होती. राज्याचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला २००८-०९ मध्ये. मधली पन्नास वर्षे पोरे ‘वाताने’, ‘काविळीने’, ‘अशक्तपणाने’ गेली. नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या माणसांनी रुग्णांची संघटना बांधून हा विषय मंत्रालयाच्या दारात नेला नसता, तर ही पन्नासची साठ झाली असती असे मला वाटते. रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

चंद्रपूरचे केंद्र मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेच्या अखत्यारीतले. सिकलसेल, थॅलेसेमिया अशा हिमोग्लोबिनच्या आजारांचे संशोधन, उपचार आणि नियंत्रण हे त्याचे काम. पंतप्रधानांनी ते राष्ट्राला अर्पण केले ११ डिसेंबर २०२२ ला. नागपूरच्या एम्सचे लोकार्पणही त्याच दिवशी झाले. ‘लॅन्सेट’मधल्या त्या लेखापासून मोजले तर चौसष्ट वर्षे होतात.

गोंदियाचे उदाहरण तर अधिकच बोलके. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले, ते जुन्याच केटीएस सामान्य रुग्णालयाच्या आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयाच्या आधाराने. त्याच्या स्वतंत्र इमारतीची कोनशिला तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते बसली ११ फेब्रुवारी २०२४ ला. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप धरली तर पहिल्या तुकडीचे डॉक्टर बाहेर पडायची वेळ होऊन गेली, तेव्हा त्यांच्या महाविद्यालयाच्या पायाचा दगड बसत होता.

असे का होते, याला एक खलनायक शोधून उपयोग नाही. आरोग्याच्या इमारतीचा प्रवास ठरलेला आहे: घोषणा, प्रशासकीय मान्यता, जागा, जागेवरचा वाद, निविदा, सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा मान्यता. इमारत उभी राहिली की वीजजोडणी आणि अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र. मग यंत्रे. आणि सगळ्यात शेवटी माणसे, म्हणजे पदांचा आकृतिबंध. तो मंजूर झाला तरी जागा भरतीलच असे नाही, कारण रक्तविकारांचे तज्ज्ञ देशातच मोजके आणि गोंदियाला यायला त्यातले कोण तयार? तोवर काम कंत्राटी तंत्रज्ञ आणि समन्वयक रेटतात. त्यांचा करार संपला किंवा ते संपावर गेले की तपासणीही थांबते. आपल्याकडे उद्घाटन ही बातमी असते. इमारत उघडल्यावर पहिला रुग्ण कधी तपासला, औषध कोणत्या महिन्यापासून सलग मिळू लागले, याची तारीख कुणी छापत नाही. खरे तर छापायची ती तारीख.

विशेष केंद्र मुळात लागतेच का, हा प्रश्नही रास्त आहे. त्यासाठी एका दुसऱ्या आजाराकडे पाहू. सिस्टिक फायब्रोसिस हाही दोन्ही पालकांकडून जनुक आले तरच होणारा आजार. त्यात अंगातले स्राव घट्ट होतात, फुप्फुसांत चिकट कफ साचतो, अन्न पचत नाही. तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत दिसतो. भारतातही आहे, पण इथे बराच काळ तो क्षय किंवा कुपोषण समजला गेला आणि दिल्लीच्या एम्ससारख्या थोड्याच ठिकाणी ओळखला गेला. १९५० च्या दशकात अमेरिकेत या आजाराची मुले शाळेत जायच्या वयाआधीच जात. १९५५ मध्ये पालकांच्या पुढाकाराने तिथे एक प्रतिष्ठान उभे राहिले. १९५७ मध्ये क्लीव्हलँडमध्ये लिरॉय मॅथ्यूज यांनी वेगळी पद्धत सुरू केली: मूल खालावण्याची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून कफ काढायचा व्यायाम, आहार, जंतुसंसर्गावर नजर, आणि डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांचे एकच पथक. मुले जगू लागली. त्याच धर्तीवर मान्यताप्राप्त केंद्रांचे जाळे देशभर पसरले. आज तिथे जन्मणाऱ्या अशा बाळांपैकी निम्मी तरी साठी ओलांडतील असा अंदाज आहे. यात २०१९ च्या नव्या औषधाचा मोठा वाटा आहे, हे खरे. पण ते औषध यायच्या कितीतरी आधी, केवळ एका ठिकाणी नीट बांधलेल्या निगेने आयुष्यात दशके वाढली होती.

आता त्याच देशात सिकलसेलचे सुमारे एक लाख रुग्ण आहेत, सिस्टिक फायब्रोसिसचे चाळीस हजारांच्या आसपास. तरी दरडोई संशोधनाचा पैसा दुसऱ्याकडे कितीतरी जास्त गेला. सिकलसेलचे रुग्ण तिथे प्रामुख्याने कृष्णवर्णीय आहेत. एवढे सांगितले की गोंदियाच्या वाचकाला पुढचे समजावून सांगावे लागत नाही.

पण श्रीमंत देशाचा दाखला देऊन थांबलो तर सालेकशाला हाती काही लागणार नाही. जमैकाचा दाखला जास्त जवळचा. छोटे, कर्जबाजारी बेट. किंग्स्टनमध्ये ग्रॅहम सर्जंट यांनी १९७३ पासून एका प्रसूती रुग्णालयातल्या एक लाख नवजात बाळांची तपासणी करून सिकलसेलची बाळे हुडकली आणि त्यांना वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवले. त्यातून त्यांच्या लक्षात आले की प्लीहेत रक्त साठून बरीच मुले दवाखान्यात पोचण्याआधीच मरतात. उपाय काय केला? आयांना बाळाच्या पोटावर बोटे ठेवून प्लीहा चाचपायला शिकवले. रोज चाचपायची, मोठी लागली, मूल फिके दिसले, की तडक दवाखाना. १९८५ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार या एका कारणाने होणारे मृत्यू सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, तज्ज्ञ नाही, निविदा नाही.

त्याच बेटावर वेदनेच्या झटक्यासाठी दिवसभराची शुश्रूषा-खोली सुरू झाली. रुग्णाने यायचे, तासाभरात वेदनाशामक आणि पाणी, ऊबदार पांघरूण, काही तास निरीक्षण, आणि संध्याकाळी घरी. बहुतेकांना वॉर्डात दाखल करावे लागले नाही. आपल्याकडे अशा मुलाला अपघात विभागात आधी ‘खरंच एवढं दुखतंय का’ या नजरेला सामोरे जावे लागते. बाहेर सूज नाही, जखम नाही, ताप नाही, नुसतेच ओरडणे. सिकलसेलची वेदना मोजायला आजही कुठली रक्तचाचणी नाही, रुग्णाचा शब्द हाच पुरावा. ज्या परिचारिकेने असे पन्नास रुग्ण पाहिलेत तिला तो पुरेसा असतो. विशेष केंद्र म्हणजे मुळात अशी परिचारिका. ती ग्रामीण रुग्णालयात बसू शकते.

औषधाचेही तसेच. हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. अमेरिकेत १९९५ च्या चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आणले आणि १९९८ मध्ये प्रौढांसाठी त्याला मान्यता मिळाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी विदर्भातल्या मुलांना किलोमागे फक्त दहा मिलिग्रॅम अशी कमी मात्रा देऊन पाहिली. झटकेही घटले, रक्त चढवायची वेळही. म्हणजे आपल्या मुलांना काय चालते याचे उत्तर आपल्याच नागपुरात मिळालेले आहे. अडते कुठे, तर कॅप्सूल बहुधा ५०० मिलिग्रॅमची आणि पंधरा किलोच्या पोराला हवे रोज दीडशे. कॅप्सूल काही विळीवर चिरता येत नाही. शिवाय अधूनमधून रक्ताची मोजणी करावी लागते. त्यासाठी दर वेळी गोंदिया गाठायचे म्हणजे आईची मजुरी बुडाली. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे, ही चांगली सवलत. पण बुडालेली मजुरी एसटी देत नाही. दोन-तीन महिने गोळी चुकते, मग मूल पुन्हा कण्हू लागते आणि ‘औषधाने काही फरक पडत नाही’ असा निकाल गावात लागतो.

या भागाचे ऋतूही रुग्णावर उलटणारे. पाणी कमी पडणे, गारठा, अतिश्रम आणि ताप, या चार गोष्टी पेशींना वाकवतात. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचताना अंगातले पाणी आटते. आषाढ-श्रावणात रोवणीला दिवसभर गार चिखलात कमरेत वाकून उभे राहायचे, डोक्यावर पाऊस. सिकलसेलची तरुण बाई रोवणीचा एक आठवडा ओढते आणि पुढचा आठवडा खाटेवर काढते, हे वेळापत्रक आरोग्य खात्याला आधीच ठाऊक असायला हवे. वेदनाशामके, सलाइन आणि प्रतिजैविके यांचा साठा पावसाआधी दरेकसा, बिजेपारकडे पोचावा, इतपत नियोजन मलेरियासाठी आपण करतोच की.

एवढे म्हटल्यावर मोठ्या केंद्रांची गरज नाही असा अर्थ कुणी काढू नये. मंत्रालय तर हा अर्थ फार आनंदाने काढेल. रक्त बदलण्याची प्रक्रिया, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया, अस्थिमज्जा प्रत्यारोपण, ही तालुक्याची कामे नव्हेत. जनुकात दुरुस्ती करणारा उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्य झाला. अमेरिकेतली त्याची किंमत बावीस लाख डॉलर. दिल्लीतल्या सरकारी प्रयोगशाळेने विकसित केलेल्या देशी पर्यायाला बिरसा मुंडांच्या नावावरून ‘बिरसा १०१’ म्हटले आहे. नाव समर्पक आहे. तो उपचार देताना रुग्णाला काही आठवडे निर्जंतुक खोलीत ठेवावे लागते, आणि अशी खोली नागपूर-चंद्रपूरला सज्ज असली तरच बिरसाच्या लोकांपर्यंत तो पोचेल.

केंद्र सरकारचे सिकलसेल उच्चाटन अभियान १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन, असे त्याचे उद्दिष्ट. तपासणी मोजायला सोपी, म्हणून तिचे आकडे भराभर वाढतात. तपासणीच्या निकालाची कार्डे वाटली जातात. पण कार्ड हातात पडले आणि पुढे दवाखाना नसला, तर त्या कार्डाचा उपयोग बहुतेकदा एकच होतो: मुलीचे लग्न मोडायला. वाहक मुलगा ‘धडधाकट’ ठरतो, वाहक मुलगी ‘सिकलसेलवाली’. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, तो लाभही टक्केवारीच्या प्रमाणपत्राशी येऊन अडखळतो. झटक्यांच्या मधल्या दिवसांत रुग्ण चारचौघांसारखा दिसतो आणि प्रमाणपत्राचा दिवस नेमका त्यातलाच निघतो.

सगळ्यात कडक घड्याळ मात्र गरोदरपणाचे आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता २५ टक्के. प्रत्येक. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा गैरसमज इथे सर्रास आढळतो. गर्भाची तपासणी वारेचा बारीक नमुना काढून साधारण ११ ते १३ आठवड्यांत करतात आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. अहवाल आल्यावर काय करायचे, हे त्या नवरा-बायकोने ठरवायचे. काहींना ते मूल हवेच असेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण अहवाल वेळेत आला तरच ठरवण्याला काही अर्थ.

सालेकशाच्या खेड्यातली बाई नोंदणीला येते आठव्या-दहाव्या आठवड्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी होते, ती सकारात्मक निघते. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही, म्हणून नमुना पुढच्या तपासणीला गोंदियाला जातो. अहवाल येईतो आठवडा-दोन आठवडे जातात. मग नवऱ्याचे रक्त हवे. तो हैदराबादकडे नाहीतर नागपूरला कामावर गेलेला, येतो सणाला. त्याचा अहवाल येईपर्यंत चौदावा आठवडा उलटलेला असतो आणि वारेच्या नमुन्याची मुदत संपलेली. सोल्युबिलिटी चाचणीला स्वतःला काही मिनिटेच लागतात. ती दोघांची लग्नाच्या वेळी झालेली असली, किंवा नवऱ्याची तो आहे त्या गावच्या सरकारी दवाखान्यात करून अहवाल मोबाइलवर मागवला, तर याच साखळीतले तीन-चार आठवडे वाचतात. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. नोंदणीच्या रजिस्टरात नवऱ्याच्या तपासणीचा एक रकाना आणि तो भरला का हे दर आठवड्याला पाहणारे एक माणूस लागते.